संमतीची यादी

पाचच मुद्दे होते. मी दोनदा मोजले, आणि मग उगाचच पान उलटून मागे काही छापलंय का ते बघितलं. मागे डुकरांच्या खाद्याची जाहिरात होती. निवडणुकीच्या तीन आठवडे आधी 'क्रॉनिकल' सगळ्या उमेदवारांना तोच प्रश्न विचारतं: निवडून आलात तर कुठली कामं आधी हाती घ्याल? वेंडल हार्शमनच्या फोटोखाली (फोटो जुना, डोक्यावर केस होते तेव्हाचा) त्याची उत्तरं ओळीनं दिली होती. पहिलं, मिल क्रीकवरचे पूल. दुसरं, शेरीफच्या रेडिओसाठी नवा मनोरा. तिसरं, तुरुंगाचं छप्पर. चौथं, उत्तरेकडच्या शेतांपर्यंत इंटरनेट. पाचवं, कौंटीच्या मालमत्तेचा काळानुसार फेरविचार. संपलं. सकाळचे पावणेआठ झाले होते, कोर्टहाउसच्या दुसऱ्या मजल्यावर माझ्याशिवाय कोणी नव्हतं, खोली तापवणारा रेडिएटर आतून ठोके देत होता, आणि माझी कॉफी हातातच निवत होती.

या आधी चार वेळा ही उत्तरं मी टाइप केली आहेत. वेंडल ती बियाण्याच्या कंपनीनं फुकट दिलेल्या वहीच्या पानावर पेन्सिलीनं लिहून आणायचा, माझ्या टेबलाच्या कडेला ठेवायचा आणि म्हणायचा, "यातल्या चुका तेवढ्या काढ, डोरीन. माणसं मला शेतकरी समजतात ते ठीक आहे, गाढव समजायला नकोत." चुका भरपूर असायच्या. पण तिसरी ओळ कायम बिनचूक असायची, कारण ती माझीच होती: कौंटी होम कौंटीकडेच राहील. पहिल्यांदा ती त्यानं माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मी सांगितली तशी लिहून घेतली होती. पुढच्या प्रत्येक वेळी आधीच्या कागदावरून उतरवली. या वर्षी कागद आलाच नाही. मला वाटलं, नवी सून शिकलेली आहे, तिच्याकडे कॉम्प्युटर आहे, तिनंच करून दिलं असेल. मला थोडं लागलंसुद्धा. इतकी वर्षं माझ्याकडे असलेलं काम दुसऱ्या बाईकडे गेलं म्हणून. बघा, माणूस कशाकशाचं वाईट वाटून घेतो.

टार्लटन कौंटीचा कारभार तीन कमिशनर बघतात. लोक त्यांना निवडून देतात आणि मग रस्त्यातल्या खड्ड्यांवरून चार वर्षं शिव्या घालतात. मी त्यांच्या मंडळाची क्लार्क. दर मंगळवारच्या सभेची कामं ओळीनं लावायची, सभेत ती मोठ्यानं वाचायची, एकेकाचं नाव घेऊन मत विचारायचं, आणि कोण काय बोललं ते वहीत नोंदवायचं. तेवीस वर्षं झाली. कमिशनर येतात, जातात, एक तर सभेत बसल्याबसल्या गेला. मी आहे तिथे आहे. सभेत क्लार्कला मत नसतं आणि तोंडही नसतं. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. माझी आईच तशी होती. चर्चमध्ये पस्तीस वर्षं ऑर्गन वाजवला, पण प्रवचन आवडलं की नाही ते कधी कुणाला कळू दिलं नाही.

पाचव्या मुद्द्यावरून नजर हलेना. मालमत्ता. कोर्टहाउस ही मालमत्ता आहे, तुरुंग आहे, रस्ते दुरुस्तीच्या ट्रकांची शेड आहे. ती कुणी विकायला काढत नाही. उरलं काय? युनियन टाउनशिप भागातली ती टेकडी, तिच्यावरची कौंटी होमची, म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रमाची, लाल विटांची दुमजली इमारत, मागची कोंबड्यांची खुराडी, आणि तिथले एकसष्ट म्हातारे. त्यातला एक माझा भाऊ.

ऑरिन माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. बावीस वर्षांचा असताना तो हार्शमनांच्या मक्याच्या कोठीत गाडला गेला. वरचा थर ओलसर होऊन कडक पापडी झाली होती, ती फोडायला हा आत उतरला आणि खालून दाणा सुटला. या भागात असं दर दोन-चार वर्षांनी कुणाचं तरी होतं. सगळ्यांना माहीत असतं, आणि सगळे उतरतात. वेंडल तेव्हा चोवीसचा. त्यानं कमरेला दोर बांधला, आत उडी घेतली आणि हातांनी मका उपसला. मी पोचले तेव्हा त्याच्या बोटांची नखं जागेवर नव्हती आणि तो ऑरिनच्या तोंडातून दाणे काढत होता, एकेक, हळू, जणू शेंगा सोलतोय. नऊ मिनिटं, डॉक्टर म्हणाले. नऊ मिनिटं हवा नव्हती. तो जगला. त्याला माणसं ओळखू येतात, हात-पाय चालतात, तो हसतो, रागावतो, त्याला बेसबॉलचे गुण कळतात; पण पुढचं पाऊल कुणीतरी सांगावं लागतं. आता मोजा घाल, ऑरिन. आता बूट. आई होती तोवर तिनं सांगितलं. आई गेल्यावर मी सांगू लागले, पण मला नोकरी होती, आणि एक दिवस तो बर्फात, पायात नुसते मोजे घालून, हायवेच्या कडेला सापडला. मग त्याला कौंटी होममध्ये ठेवलं. ठेवलं त्या दिवशी मी गाडीत बसून जी रडले, तशी आई गेली तेव्हाही रडले नव्हते. आणि सहा महिन्यांत तो तिथलाच झाला. कोंबड्यांना दाणा टाकायचं काम त्याच्याकडे आलं. मक्याला मात्र तो हात लावत नाही, पत्र्याच्या डबड्यानं लांबून फेकतो. खोलीतला सोबती लेस्टर, मूळचा रेल्वेतला, जवळजवळ आंधळा. ऑरिन त्याला ताटात काय कुठे आहे ते सांगतो आणि लेस्टर ऑरिनला पुढचं पाऊल सांगतो. आता बूट, ऑरिन. दोघांचा मिळून एक बरा माणूस होतो, असं तिथल्या नर्सा म्हणतात. सव्वीस वर्षं झाली.

म्हणून वेंडल पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा मी दारोदार फिरले. लोकांच्या अंगणात त्याच्या पाट्या ठोकल्या. माझी हातोडी अजून गाडीच्या डिकीत आहे. क्लार्कनं असं फिरू नये, पण रविवारी मी क्लार्क नव्हते. माझ्या स्वयंपाकघरात रुबार्बची गोड पेस्ट्री खाताना तो म्हणाला होता, "मी आहे तोवर ते दार बंद होणार नाही, डोरीन. त्याला मी तिथून काढलं ते काय रस्त्यावर टाकायला?" मग टेकडीवर जाऊन हेच त्यानं ऑरिनला सांगितलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. ऑरिननं विचारलं, "घर राहील?" वेंडल म्हणाला, "राहील." तेव्हापासून दर निवडणुकीला ऑरिन मला तेच विचारतो आणि मी तेच सांगते. माझ्यासाठी देवाच्या प्रार्थनेनंतर म्हणायच्या 'आमेन'इतकं ते ठरून गेलं होतं.

कॉफी ठेवली आणि कपाटाकडे गेले. का गेले ते तेव्हा मला नीट माहीत नव्हतं, पण हाताला माहीत होतं. त्यानं सरळ सप्टेंबरची फाइल काढली. आमच्या सभेच्या सुरुवातीला किरकोळ कामांची एक यादी असते. कुणाला रजा द्यायची, कुठल्या पुलाखालची गवतकापणी, मागच्या सभेचं इतिवृत्त. या सगळ्यावर वेगवेगळं बोलत बसलं तर जेवायची वेळ टळेल, म्हणून ती एका दमात मंजूर करतात. तिला संमतीची यादी म्हणतात. कुणाला एखाद्या कामावर बोलायचं असलं तर त्यानं मतदानाआधी ते यादीतून बाहेर काढा म्हणायचं. कुणी म्हणत नाही. वेंडल नवा होता तेव्हा प्रत्येक गोष्टीवर भाषण करायचा. मीच त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ज्यावर भांडण नको ते संमतीच्या यादीत टाकत जा." तो हसला होता. "तू कमिशनर व्हायला हवं होतंस," म्हणाला होता. शिष्य हुशार निघाला. सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारच्या यादीत सातवं काम होतं: भूखंड क्रमांक ३१-०७७, किंमत ठरवण्यास मान्यता. चौथ्या मंगळवारी सहावं: भूखंड क्रमांक ३१-०७७, इच्छुकांशी बोलणी करण्यास मान्यता. दोन्ही कागद मी टाइप केलेले, खाली माझी आद्याक्षरं. आणि आजच्या यादीत, जी मी काल संध्याकाळी करून तीन प्रती काढून ठेवल्या होत्या, पाचवं काम: भूखंड क्रमांक ३१-०७७, करारावर सही करण्याचा अधिकार.

नुसता क्रमांक, नाव कुठेच नाही. आता प्रश्न असा, की मला माहीत होतं का? हा प्रश्न मी स्वतःला त्या कपाटापाशी उभी राहून विचारला आणि अजून विचारते. या कौंटीतली जमीन एकतीसनं सुरू झाली की ती युनियन टाउनशिपमधली, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. सप्टेंबरात तो आकडा टाइप करताना माझं बोट सातावर थांबलं होतं, एवढं आठवतं. नक्की आठवतं. खिडकीत माशी होती. आणि मग फोन वाजला, कुत्र्याचा परवाना कुठे मिळतो असं एक बाई विचारत होती, आणि मी तिला खालचा मजला, डावीकडची तिसरी खिडकी, असं सांगितलं, आणि मग दुसरा सात टाइप केला. इतकंच. एवढ्याशा जागेत माहीत असणं आणि माहीत नसणं दोन्ही बसतात. किंवा असंही असेल, की ज्या माणसानं नखं जाईपर्यंत मका उपसला त्याच्याबद्दल तसला संशय घ्यायला माझं मन तयारच नव्हतं. केसानं गळा कापतात म्हणतात, त्यात कापणाऱ्याची कमाल असतेच, पण मान किती आपण होऊन पुढे केली तेही बघायला हवं.

साडेआठला वेंडल आला. जिना चढताना त्याचा उजवा गुडघा वाजतो, म्हणून तो दिसायच्या आधी ऐकू येतो. माझ्या टेबलावर पेपर उघडा होता. त्यानं टोपी काढली, परत घातली.

"वाचलंस वाटतं."

"तिसरी ओळ कुठे गेली?"

"बसून बोलू या, डोरीन."

"मी बसलेलीच आहे. उभा तू आहेस."

तो बसला नाही. खिडकीपाशी जाऊन त्यानं खाली, चौकातल्या तोफेकडे बघितलं. "छप्पर गळतंय. नर्सा टिकत नाहीत, पलीकडच्या कौंटीतलं हॉस्पिटल त्यांना जास्त देतं. दोनदा कर वाढवायला लोकांना विचारलं, दोनदा नाही म्हणाले. तूच मतं मोजताना होतीस. मी काय करू? विटा विकत घेऊन स्वतः बांधू?"

"लोकांना हेच सांगायचं होतंस. पेपरात."

"आणि हरायचं होतं?"

"हरायचं होतं, वेंडल. माणसं हरतात. माझे वडील दोनदा शाळेच्या मंडळावर हरले आणि जेवायला घरीच आले."

यावर एरवी तो हसला असता. "घेणारी कंपनी चांगली आहे. बाहेरच्या राज्यातली, पण चांगली आहे. चालवतील ते."

"ज्यांच्याकडे द्यायला काही नाही, त्यांनासुद्धा?"

"त्यांची सोय करतात कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे कुठे?"

"दक्षिणेला त्यांची दुसरी जागा आहे. अडीच तास."

"आणि कोंबड्या?"

हे माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे. त्यानं वळून माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की क्षणभर मला त्याची कीव आली. इतकी जुनी ओळख असली की राग नीट धरताच येत नाही, हातातून निसटतो. मग तो टेबलाजवळ आला, दोन्ही हात टेबलावर टेकले. ती नखं परत उगवली होती, पण वाकडी, जाड, शिंपल्यासारखी. आवाज खाली आणून तो म्हणाला, "ऑरिनची खोली मी लिहून घेतलीये. कोपऱ्यातली, तीच. तो जिवंत असेपर्यंत. बाकी कुणासाठी मी शब्द टाकला नाही, डोरीन. फक्त त्याच्यासाठी. कागद आहे माझ्याकडे."

मी यादीच्या तिन्ही प्रती उचलून त्यांच्या कडा जुळवल्या.

"निवडणूक झाली की सगळं सांगू लोकांना. आत्ता फुटलं तर मी गेलोच, आणि मग जो येईल तो ऑरिनला ओळखतसुद्धा नाही. ती खोलीही जाईल. कळतंय का तुला?"

कळत होतं. आणि आता जे सांगणार आहे ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगायलाच हवं: मला हायसं वाटलं. 'थँक यू' हे शब्द अगदी दातांपर्यंत आले. जिभेला ते लागले. त्यानंच मला फसवलं, महिना-दीड महिना माझ्याच हातानं फसवलं, आणि मी त्याचे आभार मानायला निघाले होते. ते शब्द मी गिळले. पण आले होते हे खरं. वेंडलला ते दिसले असणार, कारण तो सरळ झाला, टेबलावर बोटांनी दोनदा टकटक केली, लाकूड पक्कं आहे का बघावं तशी, आणि म्हणाला, "तू समजून घेशील हे मला माहीत होतं." ते वाक्य आतापर्यंत मला कुणी दिलेल्या कुठल्याही शिवीपेक्षा जास्त झोंबलं.

दहाला सभा सुरू झाली. झेंड्याला वंदन झालं. तीन कमिशनर, मी, आणि समोर बत्तीस खुर्च्यांवर चार माणसं: सर्व सभांना येऊन वीणकाम करणाऱ्या दोघी, रस्ताखात्याचा फोरमन, आणि 'क्रॉनिकल'ची ती नवी मुलगी, जी फोनवर काहीतरी बघत होती. मी संमतीची यादी हातात घेतली. कागद मी स्वतः कापलेला, स्वतः छापलेला, कडा सरळ. एक, मागच्या सभेचं इतिवृत्त. दोन, मिस हेन्रीची रजा. तीन, बार्नेट रस्त्याचा खडी पुरवठा. चार, कुत्र्यांच्या कोंडवाड्याचं कुंपण. मग पाच. मधे मी श्वास घेतला. तो श्वास किती लांब होता? मला तो अजून संपल्यासारखा वाटत नाही. नुसतं नाव उच्चारलं असतं तरी पुरे होतं. 'म्हणजे कौंटी होम', एवढे तीन शब्द. वीणकामवाल्यांच्या सुया थांबल्या असत्या, त्या मुलीनं मान वर केली असती. एकीची सासू तिथेच असते. वेंडल माझ्याकडे बघत नव्हता, पाण्याच्या पेल्याकडे बघत होता. क्लार्कनं कागदावर आहे तेच वाचायचं असतं. तेवीस वर्षं मी हे अभिमानानं सांगत आले. मी वाचलं: "भूखंड क्रमांक एकतीस, शून्य, सात, सात. करारावर सही करण्याचा अधिकार." आवाज नेहमीसारखा होता, कुठेही कापला नाही. ते जास्त वाईट. मग मी एकेकाचं नाव घेतलं. कमिशनर स्टॅमबॉ? हो. कमिशनर केप्लर? हो. कमिशनर हार्शमन? एरवी तो खुर्चीत रेलून 'हो' म्हणतो. आज पुढे वाकून, माझ्याकडे बघत, अगदी सौम्यपणे म्हणाला, "हो." मी वहीत लिहिलं: एकमतानं मंजूर. शाई ओली होती, मी तिच्यावर टीपकागद दाबला.

दुपारी रजा काढून टेकडीवर गेले. जायचं ठरलेलंच होतं. निवडणूक तीन आठवड्यांवर असली तरी तिथलं मतदान आज होतं. जे बाहेर पडू शकत नाहीत त्यांच्याकडे निवडणूक कार्यालयातून दोन माणसं मतपत्रिका घेऊन येतात, दोन्ही पक्षांचं एकेक, एकमेकांवर नजर ठेवायला. ओपल रॅटलिफ आणि बड योस्ट. दोघंही सत्तरीची, तीस वर्षांपूर्वी दोघांचं लग्न होता होता राहिलं अशी वदंता. रस्त्यानं कापणी झालेली शेतं, हवेत मक्याची धूळ, अंगणाअंगणांत वेंडलच्या पाट्या. त्यातल्या सात मी ठोकलेल्या. वेग कमी करून मी त्या मोजल्या, उपटल्या मात्र नाहीत. होमच्या दारातही एक होती, आणि वर दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खिडकीत, काचेला आतून चिकटवलेली आणखी एक. ती ऑरिननं मागून घेतलेली. उलटी लावली होती.

जेवणाच्या हॉलमध्ये सफरचंदाच्या सायडरचा आणि मीठ नसलेल्या सूपचा वास होता. ऑरिन धुतलेला शर्ट घालून, केस ओले करून बसला होता. लेस्टरनं त्याला पुढचं पाऊल सांगितलं असणार. मी शेजारी बसले. लेस्टर पलीकडच्या टेबलापाशी आपली पाळी यायची वाट बघत होता, गळ्याशी रुमाल, तोंडानं रेल्वेच्या शिट्टीसारखा बारीक आवाज काढत. ओपलनं दर वेळचं सांगितलं: "तो सांगेल तिथे खूण. पाकीट उघडलं की उमेदवारांबद्दल चकार शब्द नाही. तुला काय सांगायचं म्हणा, तुझे केस त्या कायद्यातच पांढरे झालेत." बडनं पाकीट फोडून मतपत्रिका ऑरिनपुढे ठेवली. ऑरिननं ती, नेहमीप्रमाणे, थोडी माझ्याकडे तिरकी केली. तो दर वेळी तसं करतो, मला नीट दिसावं म्हणून. चौकोन कुठला ते मी बोटानं दाखवते, तो ते कडेपर्यंत काळं करतो, एक कण पांढरा ठेवत नाही, आणि मग वर बघतो.

"वेंडल कुठला?" तो म्हणाला.

मी दाखवला. त्यानं पेन्सिल टेकवली आणि वर बघितलं. डोळे आमच्या आईचे. "घर राहील?"

ओपलनं खिडकीबाहेर बघितलं. इतकी वर्षं ती याच वेळी खिडकीबाहेर बघत आली होती, चांगली बाई.

"तुझी खोली राहील," मी म्हणाले.

त्याची पेन्सिल थांबली. मला वाटलं होतं त्याला फरक कळणार नाही. मी त्याच हिशेबानं तो शब्द निवडला होता. खोटं नको, आणि खरंही नको. ज्याला बूट कधी घालायचे कळत नाही त्याला एवढं कुठलं कळायला. पण कोंबड्यांतली एक कमी झाली तर तो दारातूनच सांगतो.

"लेस्टरची?"

"ऑरिन, आधी मत दे."

"लेस्टरची खोली. तीच आहे ना ती."

"डोरीन," ओपल हळू म्हणाली, "पाकीट उघडलंय हां."

मला माहीत होतं पाकीट उघडलंय. मला सगळे नियम माहीत होते. सकाळी त्याच नियमाला धरून मी गप्प बसले होते आणि आताही गप्प बसायला तो हाताशी होता. पलीकडे लेस्टरची शिट्टी थांबली होती. आंधळ्यांचे कान.

"लेस्टरची नाही," मी म्हणाले. "बाकी कुणाचीच नाही. ते हे घर विकतायत. आज सकाळी सभेत झालं."

बड म्हणाला, "अरे देवा." ओपलनं हात उचलला आणि तसाच हवेत ठेवला. ऑरिन माझ्या तोंडाकडे बघत होता. तो शब्द ऐकतो आणि मग ते पोचायला वेळ लागतो.

"कुणी सांगितलं?"

"मीच वाचलं. सभेत."

"मोठ्यानं?"

"हो."

"मग कुणी काय म्हटलं?"

"कुणी काही म्हटलं नाही."

त्यानं मान हलवली, पटल्यासारखी. मग विचारलं, "तू पण नाही?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला फक्त नीट माहीत करून घ्यायचं होतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि खोलीबद्दल सांगणार होते, कागदाबद्दल, तुझ्यासाठीच रे, असं काहीतरी. मी मान हलवली. नाही. मी पण नाही.

ऑरिननं खाली बघितलं. मग त्यानं मतपत्रिका माझ्यापासून दूर वळवली, डावा हात कोपरापासून तिच्याभोवती ठेवला, शाळेत पोरं उत्तरं लपवतात तसा, आणि वाकून, नाक जवळजवळ कागदाला लावून, एकट्यानं खूण करू लागला. मला फक्त त्याचा ओला भांग आणि मानेवरची जुनी खूण दिसत होती. पेन्सिल बराच वेळ घासत होती. कुठल्या चौकोनात ते मला दिसलं नाही, आणि त्या अपघातापासून त्याला वाचता येत नाही, म्हणजे त्यालाही ठाऊक नसेल. संपल्यावर त्यानं कागदाची घडी घातली, तो परतीच्या पाकिटात सरकवला, कड जिभेनं ओली केली. दर वेळी ते पाकीट दाबून बंद करायला तो माझ्याकडे देतो. या वेळी त्यानं ते टेबलावरून ओपलकडे सरकवलं, आणि उठून पलीकडे गेला, लेस्टरच्या दंडाला धरलं, आणि त्याला म्हणाला, "चल, तुझी पाळी. मी बसतो शेजारी."